आठवडी बाजार आणि यात्रेतलं प्लास्टिक: दंड, शुल्क की परत मिळणारी ठेव?

गोदाकाठी (धागा सुरू करणारे)

जालना जिल्ह्यातलं सहा हजार वस्तीचं एक गाव समोर धरा. दर मंगळवारी बाजार भरतो, १८० च्या आसपास पालं लागतात. चैत्रात तीन दिवसांची यात्रा असते. बाजार उठला की पन्न्या, द्रोण, पाण्याच्या बाटल्या सगळं नाल्यात जातं, आणि पहिल्या मोठ्या पावसात तेच पुलाच्या नळ्यांत अडकतं.

ग्रामसभेपुढे तीन प्रस्ताव आहेत. पहिला, पन्नी दिसली की विक्रेत्याला दंड. दुसरा, प्रत्येक कॅरीबॅगवर गिऱ्हाइकाकडून दोन रुपये पर्यावरण शुल्क. तिसरा, बाटली आणि कापडी पिशवीवर ठेव, वस्तू परत आणली की पैसे परत.

कायद्यात कोणता बसतो, हिशेब कसा ठेवायचा आणि कुठे फसतं, एवढं सांगा. "जनजागृती करा" हे सोडून काहीही चालेल. भिंती रंगवून झाल्या आहेत.

मोंढानाका

दंडाचं आधी उरकून टाकू. महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या अधिसूचनेत पहिल्या गुन्ह्याला ५,०००, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये व तीन महिने कैद आहे. कागदावर जबर. पण मेथी-कोथिंबिरीच्या पालावर दिवसाचं भांडवलच दोन-तीन हजारांचं असतं. तिथे पाच हजारांची पावती कोण फाडणार? एक तर पथक हात जोडून सोडून देतं, नाही तर काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. दंड जितका मोठा तितका तो कमी वेळा लागतो. कमी वेळा लागणाऱ्या दंडाची भीती दुसऱ्या मंगळवारपर्यंतही टिकत नाही.

शिवाय तो पडतो विक्रेत्यावर. पन्नी मागणारं गिऱ्हाईक मोकळं.

केंद्राचाही एक प्रयोग असाच गेला. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत नियम १५ होता: कॅरीबॅग द्यायची असेल तर स्थानिक संस्थेकडे नोंदणी करा आणि महिन्याला किमान ४,००० म्हणजे वर्षाला ४८,००० रुपये भरा. २०१८ च्या दुरुस्तीत तो नियमच वगळला. ती रक्कम हातगाडीवाल्याच्या आवाक्याबाहेरची होती, हा एक दोष. दुसरा त्याहून मोठा, आणि त्यावर कुणी बोलत नाही: ते शुल्क ठोक होतं. एकदा चार हजार भरले की पुढची प्रत्येक पन्नी दुकानदाराला फुकट. उलट पैसे वसूल व्हावेत म्हणून तो जास्तच वाटणार. वागणं बदलायचं असेल तर शुल्क नगावर हवं आणि ते मागणाऱ्याच्या खिशातून जायला हवं.

मांजराकाठ

बरोबर. याचा धडा आयर्लंडने घालून दिला आहे. मार्च २००२ मध्ये त्यांनी प्रत्येक प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट लावले. माणशी वर्षाला ३२८ च्या आसपास पिशव्या लागायच्या, त्या २१ वर आल्या. पुढे वापर पुन्हा थोडा चढू लागला तेव्हा २००७ मध्ये दर २२ सेंट केला. तिथल्या रचनेत तीन गोष्टी होत्या. दुकानदाराला ते पैसे स्वतः सोसायची मुभा नव्हती, गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचे. बिलावर वेगळी ओळ. आणि जमा झालेला पैसा वेगळ्या पर्यावरण निधीत.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं, मेरीलँड राज्यातल्या मॉन्टगोमेरी काउंटीचं. "स्वतःची पिशवी आणा, ५ सेंट सूट घ्या" ही योजना तिकडच्या दुकानांत आधीपासून होती. तिचा परिणाम जवळजवळ शून्य. २०१२ मध्ये तेच ५ सेंट कर म्हणून लागले आणि एकदा वापरायच्या पिशव्या घेणारे गिऱ्हाईक शेकडा ८२ वरून ४० वर आले. रक्कम तीच, पण मिळणारे पाच गेले तर माणसाला काही वाटत नाही, खिशातले पाच गेले की झोंबतात. आपल्याकडचे मटणवाले "डबा आणला तर दहा रुपये कमी" अशी पाटी लावतात. तीच पाटी "पिशवीचे दहा रुपये वेगळे" अशी करून बघावी.

तहबाजारी

थांबा, एवढं पुढे जाऊ नका. आयर्लंडमध्ये संसदेने कर लावला. ग्रामपंचायतीला तसा अधिकार आहे का ते आधी बघा.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम १२४. ग्रामपंचायत कोणते कर आणि फी लावू शकते याची तिथे यादी आहे. त्यात घरपट्टी, यात्रा कर, जत्रा-उत्सवांवरचा कर, सामान्य स्वच्छता कर, बाजार आणि आठवडी बाजाराची फी हे सगळं आहे. "कॅरीबॅगवर शुल्क" असं काही नाही. यादीबाहेरचा कर ठराव करून लावला तर पहिली तक्रार आली की तो पडेल, आणि वसूल केलेल्या पैशाचा लेखापरीक्षणात आक्षेप निघेल तो निराळा.

म्हणून प्रस्ताव क्रमांक दोन जसा लिहिला आहे तसा करू नका. मार्ग दोन आहेत.

एक, बाजार फीच्या अटी. बाजार वसुलीचा लिलाव दरवर्षी होतो ना? ठेका देतानाच करारनाम्यात अट घाला की पन्नी न वापरणाऱ्या पालाला नेहमीचा दर आणि वापरणाऱ्याला त्यापेक्षा जास्त. दोन्ही दर १९६० च्या कर व फी नियमांच्या मर्यादेतच बसले पाहिजेत, तेवढं विस्तार अधिकाऱ्याकडून तपासून घ्या. पावती मात्र वेगळ्या रंगाची ठेवा, म्हणजे ठेकेदाराने काय वसूल केलं ते कळतं. नाही तर तो सगळ्यांकडून जास्तीचा दर घेईल आणि दप्तरात कमीचा दाखवेल.

दुसरा मार्ग ठेव. ठेव हा कर नाही, परत करायची रक्कम आहे. ती अनामत म्हणून येते आणि अनामत म्हणून जाते. नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरातल्या नमुना १७ मध्ये, पावती नमुना ७ ची, रोजचा जमाखर्च नमुना ५ च्या रोकडवहीत. उत्पन्नात धरायचीच नाही. वर्षअखेरीला परत न गेलेली किती उरली आणि तिचं काय करायचं, याचा वेगळा ठराव घ्यावा लागेल.

बालाघाट_वारा

मोंढानाका भाऊ, पन्नी न वापरणारं पाल ओळखायचं कसं? केंद्राचा नियम आता जाडीचा आहे. ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन, ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन. पिशवीवर १२० छापलेलं असतं, आत निघतात ३०.

मोंढानाका

मायक्रोमीटर घेऊन बाजारात फिरायची गरज नाही, वजनकाटा पुरतो.

चौकोनी, तीन बाजू बंद अशी ३० गुणिले ४० सेंटिमीटरची पिशवी घ्या. दोन्ही पदर मिळून क्षेत्रफळ ०.२४ चौरस मीटर. पॉलिथिनची घनता साधारण ०.९२. म्हणजे जाडी १२० मायक्रॉन असेल तर एका पिशवीचं वजन २६ ग्रॅमच्या वर भरलं पाहिजे. दहा पिशव्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टाका, २६० ग्रॅमच्या आत भरल्या की माल खोटा. ३० मायक्रॉनचा माल असेल तर दहाचं वजन ६६ ग्रॅमच्या आसपास येईल, फरक नजरेत भरतो. आकार वेगळा असेल तर लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकाराला ०.०२२ ने गुणा, एका पिशवीचं किमान वजन ग्रॅममध्ये मिळतं. डब्ल्यू-कट म्हणजे बनियनसारखे बंद असलेल्या पिशवीत वरचा भाग कापून गेलेला असतो, म्हणून ती मोजताना फक्त खालचा चौकोन कापून घ्यायचा. नाही तर खरा मालही खोटा ठरेल आणि तुमचं भांडण होईल.

मायक्रोमीटर असलाच तर पिशवी कापून एकच पदर मोजा. पथकं घडी तशीच दाबतात आणि दुप्पट जाडी वाचून निघून जातात. कधी अजाणता, कधी जाणून.

नॉनवोव्हन पिशवीला मायक्रॉन लागू नाही, तिला चौरस मीटरला ६० ग्रॅमची अट आहे. ती कापडासारखी दिसते पण असते प्लास्टिकच, हे बचत गटांनाही बऱ्याचदा माहीत नसतं.

याच हिशेबातून एक कडू गोष्ट निघते. १२० मायक्रॉनच्या एका पिशवीत २० मायक्रॉनच्या सहा पिशव्यांचं प्लास्टिक असतं. गिऱ्हाईक ती जाड पिशवी सहा वेळा वापरणार नसेल तर नियमाने प्लास्टिक वाढवलंच म्हणायचं. जाडीची अट शुल्काशिवाय अर्धवट आहे, ती एवढ्यासाठीच.

शिवणकाम_उमेद

कापडी पिशवीवर ठेव घ्यायची म्हणताय, पण पिशवीचा खर्च कुणीच मांडला नाही. तो मी मांडते.

मांजरपाट, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी ३६ इंच. तयार पिशवी ३५ गुणिले ४० सेंटिमीटर. तळाशी जोड द्यायचा नाही, कापड दुमडून एकाच तुकड्याची करायची, कारण जोड तिथेच उसवतो. लांबी दोन्ही बाजू मिळून ८० आणि वरच्या पट्टीला ८, म्हणजे ८८ सेंटिमीटर. ही लांबी पन्ह्यात बसते. रुंदी ३५ अधिक शिलाईचे ३, म्हणजे ३८. दोन बंदांसाठी ८ सेंटिमीटरची पट्टी पन्ह्याभर कापून मधोमध तोडायची. म्हणजे एका पिशवीला ४६ सेंटिमीटर कापड, पाच मीटरात दहा पिशव्या, उरलेल्या तुकड्यात दुरुस्तीची ठिगळं.

कापड मीटरला ५० धरलं तर पिशवीला २५ रुपये, शिलाई आणि दोरा १०. झाले ३५. आता तुम्ही ठेव २० ठेवलीत तर गिऱ्हाईक पिशवी परत करणारच नाही. त्याला ३५ ची वस्तू २० ला मिळाली, त्याने का आणावी? दर पिशवीमागे शिवणाऱ्या बचत गटाला १५ चा खड्डा. ठेव ४० केली तर पन्नास रुपयांची भाजी घेणारी बाई म्हणेल, राहू दे, पन्नीच दे.

यातून सुटायचं तर जुन्या साड्या घ्या. सुती किंवा जाड मिश्र धाग्याच्या, नायलॉन नको, ती ओझ्याने ताणते. कापडाचा खर्च शून्य, शिलाई १०, धुणं आणि इस्त्री धरून १३-१४. त्यावर ठेव २० ठेवा. परत आली तर फिरवा, नाही आली तरी गटाचं नुकसान नाही.

शिवताना दोन गोष्टी. मांजरपाट असेल तर कापड आधी भिजवून वाळवा, नाही तर पहिल्या धुण्यात पिशवी आटते आणि तक्रार येते. बंद नुसता वरून टाचू नका. पट्टीच्या आत चार सेंटिमीटर जाऊ द्या आणि चौकोन करून त्यात फुली मारा. पिशव्या फाटतात त्या बंदाच्या मुळाशी, कापड मधे फाटत नाही. बाजारात पाच किलो कांदे टाकून दहा मिनिटं खुंटीला अडकवून बघा आणि मगच माल द्या.

आणि हो, ओल्या मालाला कापडी पिशवी चालत नाही. दही, मटण, भिजलेले पोहे. तिथे डबाच हवा. ठरावात ते वेगळं लिहा, नाही तर पहिल्याच मंगळवारी मटणवाले तुमचा ठराव फाडतील.

गोदाकाठी

ताई, हे फारच कामाचं. पिशवी परत घ्यायची कुठे? प्रत्येक पालावर की एकाच ठिकाणी?

शिवणकाम_उमेद

बाजाराच्या दोन्ही तोंडांना एकेक टेबल. पालावर परत घ्यायला लावलंत तर विक्रेता मळकी पिशवी घेणार नाही, आणि त्याचं तरी काय चुकलं? टेबलावर दोन गोण्या ठेवा, एक चांगल्या पिशव्यांची, एक धुवायच्या पिशव्यांची. फाटकी आणली तरी २० द्यायचे, हुज्जत घालायची नाही. एकदा नाही म्हटलं की ती बातमी गावभर होते आणि पुढच्या वेळी कुणी ठेव भरत नाही.

दुधनाखोरं

बाजारापेक्षा यात्रेत ठेव चांगली जमते. तीन दिवस, ठरावीक रस्ते, ठरावीक दुकानं. पाण्याच्या बाटल्यांचं गणित देतो.

लिटरच्या रिकाम्या बाटलीचं वजन २० ग्रॅमच्या आसपास. भंगारात किलोला २० रुपये मिळाले तर एका बाटलीचे ४० पैसे. म्हणूनच ती कुणी उचलत नाही. तिच्यावर १० रुपये ठेव लागली की तीच बाटली जमिनीवर टिकत नाही. तामिळनाडूत मे २०२२ पासून निलगिरी जिल्ह्यात दारूच्या बाटलीवर १० रुपये ठेव सुरू झाली, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून, आणि ९० टक्क्यांच्या वर बाटल्या परत आल्या. तिथली सोय अशी की सगळी दुकानं सरकारी महामंडळाची, विकणारा एकच आणि परत घेणाराही तोच. आपल्या यात्रेत पन्नास दुकानं पन्नास मालकांची. म्हणून ठेव दुकानात जमा होऊ द्यायची नाही.

पद्धत अशी. ग्रामपंचायत क्रमांक छापलेले स्टिकर काढते. दुकानदार शंभर स्टिकरांची पट्टी हजार रुपये भरून आधीच विकत घेतो, प्रत्येक बाटलीला एक लावतो आणि विकताना गिऱ्हाइकाकडून दहा वसूल करतो. गिऱ्हाईक रिकामी बाटली कोणत्याही परतावा केंद्रावर देऊन दहा घेतं. पैसा आधीच ग्रामपंचायतीकडे आहे, त्यामुळे परताव्याला कधी कमी पडत नाही. यात्रा संपल्यावर न वापरलेले स्टिकर दुकानदाराने परत करायचे आणि पैसे न्यायचे.

आता तीन दिवसांत १२,००० बाटल्या विकल्या धरा. जमा १,२०,०००. खर्च: स्टिकर ६० पैशांनी ७,२००, चार केंद्रं गुणिले दोन माणसं गुणिले तीन दिवस, ५०० रुपये रोजाने १२,०००. एकूण १९,२००.

८० टक्के बाटल्या परत आल्या तर ९६,००० परत जातात, २४,००० उरतात, भंगाराचे ३,८४०. खर्च जाऊन ८,६४० शिल्लक.

९५ टक्के परत आल्या तर उरतात फक्त ६,०००, भंगार ४,५६०. खर्च १९,२०० च. म्हणजे ८,६४० चा तोटा.

योजना जितकी चालेल तितकी ती आतबट्ट्याची होत जाते. हे आधी कुणी सांगत नाही आणि दुसऱ्या वर्षी सरपंच "परवडत नाही" म्हणून बंद करतात. उरलेल्या ठेवीवर खर्च चालवायचाच नाही. खर्चाला वेगळी तजवीज हवी: यात्रेतल्या दुकानांच्या जागा भाड्यात वाढ करा, किंवा स्टिकर दुकानदाराला ११ ला द्या आणि गिऱ्हाइकाला १० परत. त्या एका रुपयाचे १२,००० येतात आणि ९५ टक्के परतीतही ३,३६० शिल्लक राहते. तो रुपया दुकानदाराने आपल्या नफ्यातून सोसायचा, गिऱ्हाइकाकडून नाही.

नॉर्वेने हेच वेगळ्या वाटेने साधलं आहे. तिथे पेयाच्या बाटल्या-डब्यांवर उत्पादकाला पर्यावरण कर आहे, पण परत येण्याचं प्रमाण वाढेल तसा तो घटतो आणि ९५ टक्क्यांना शून्य होतो. मग गोळा करण्याचा खर्च उत्पादकच आनंदाने करतो.

तहबाजारी

एक धोका. २० रुपये छापील किमतीच्या बाटलीला ३० मागितले की गिऱ्हाईक वैधमापनशास्त्र म्हणजे वजनमापे खात्याकडे तक्रार करणार, छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं म्हणून. दुकानावर फलक हवा: "पाणी २०, ग्रामपंचायतीची परत मिळणारी ठेव १०." स्टिकरवरही ग्रामपंचायतीचं नाव आणि "ठेव" हा शब्द हवा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये पिशव्यांच्या प्रकरणात मोठ्या दालनांना हेच सुनावलं आहे: पिशवीचे पैसे घ्यायचे तर आधी ठळक सांगा, बिल करताना अचानक लावू नका.

स्टिकर हा पैसाच आहे. साठा नोंदवहीत, नमुना १५ ला, पहिला आणि शेवटचा क्रमांक टाकून घ्या. शिपायाच्या टेबलाच्या खणात ठेवू नका.

गोदाकाठी

लबाडी? बाहेरून आणलेल्या बाटलीला कुणी स्टिकर काढून चिकटवलं तर? आणि सुट्ट्या पैशांचं काय?

दुधनाखोरं

स्टिकर कागदाचं नको, पॉलिप्रॉपिलिनचं घ्या. कागदाचं स्टिकर फ्रिजमधल्या बाटलीवर घाम सुटला की गळून पडतं, आणि मग खऱ्या गिऱ्हाइकाचे दहा बुडतात. बाटल्या थंड करायच्या आधी, कोरड्या असताना लावायचं. झाकणावर नाही, झाकण हरवतं. बाटलीच्या अंगावर, मूळ लेबलच्या खाली. "काढताना फाटणारं" असं सांगून मागवा, त्यात कापाच्या रेषा असतात आणि ते उचललं की तुकडे होतात. थर्मल प्रिंटरवर छापू नका, चैत्राच्या उन्हात दोन दिवसांत अक्षर उडतं.

केंद्रावर क्रम असा: स्टिकर बघा, पैसे द्या, लगेच मार्करने स्टिकरवर फुली मारा आणि मगच बाटली चेपा. आधी चेपली तर क्रमांक वाचता येत नाही. फुली न मारता पोत्यात टाकली तर तीच बाटली मागच्या बाजूने पुन्हा रांगेत येते. झाकण काढून चेपायची, नाही तर हवा भरून ती पुन्हा फुगते. न चेपलेल्या बाटल्या घनमीटरच्या जंबो पिशवीत चारशेच्या आसपास मावतात, चेपल्यावर कितीतरी जास्त.

सुट्ट्याचा प्रश्न दहाच्या नोटेने सुटतो, ठेव दहा ठेवायचं ते एक कारण आहेच. पाच ठेवली तर नाणी पुरणार नाहीत. यूपीआयवर परतावा ठेवू नका, गर्दीत नेटवर्क बसतं आणि रांग तुंबते. बँकेतून दहाच्या नोटा आठवडाभर आधी सांगून घ्या.

एका माणसाने शंभर बाटल्या आणल्या तर? द्या हजार रुपये. मर्यादा घालू नका. लोकांनी टाकलेल्या बाटल्या वेचणारी माणसं आणि पोरंसोरं हीच तुमची खरी सफाई यंत्रणा. नेहमी तिथे भंगार वेचणाऱ्या बायांना केंद्रावर रोजाने घ्या, कारण ठेव लागल्यावर त्यांच्या हाती येणारा माल आटतो.

मांजराकाठ

आणि परताव्याचं केंद्र विक्रीच्या ठिकाणापासून लांब नको. जर्मनीत २००३ पासून एकदा वापराच्या बाटलीवर २५ सेंट ठेव आहे आणि ९८ टक्क्यांच्या आसपास बाटल्या परत येतात, कारण किराणा घ्यायला जायचं तिथेच त्या देता येतात. यात्रेत लोक एसटीच्या दिशेने परततात. चारपैकी दोन केंद्रं तिकडेच ठेवा, मंदिराजवळ नाही.

बालाघाट_वारा

दुधाच्या पिशव्यांवर पण २०१८ पासून ठेव आहे ना? कुणाला कधी मिळाली?

मोंढानाका

अधिसूचनेत आहे: रिकाम्या दूध पिशवीची परत-खरेदी किंमत किमान ५० पैसे, तीही छापलेली. २०१९ मध्ये विधिमंडळातही मंत्र्यांनी तसं सांगितलं. पण ५० पैसे सुट्टे कुठून आणायचे? अर्ध्या लिटरची पिशवी तीन ग्रॅमच्या आत भरते, म्हणजे किलोला साडेतीनशेच्या आसपास पिशव्या, ५० पैशांनी १७५ रुपये. भंगारात त्याच्या पावपटही मिळत नाही. ती रक्कम दूध विकतानाच वेगळी घेतलेली नसेल तर विक्रेता पदरचे का देईल? आधी घेतलेले नसतील तर ती ठेव नसतेच, नुसता छापलेला आकडा असतो.

बालाघाट_वारा

आणि गुटख्याच्या पुड्या? नाल्यात सगळ्यात जास्त त्याच.

तहबाजारी

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. जी वस्तू कागदावर विकलीच जात नाही तिच्यावर ठेव कशी लावणार? त्याचं उत्तर या धाग्यात नाही, पोलीस ठाण्यात आहे.

मांजराकाठ

घरोघरच्या कचऱ्याचा मुद्दा राहिला. सामान्य स्वच्छता कर घरपट्टीत लावला की तो थकबाकीत जातो, आणि सगळ्यांना सारखा असल्यामुळे कचरा कमी करणाऱ्यालाही काही फायदा नाही. तो खर्च भागवण्यापुरता ठीक, वागणं बदलत नाही. कोरियासारखं पिशवीच्या मापाने पैसे घ्यायचे, तर आपल्याकडे लोक रात्री उकिरड्यावर पेटवतील. मोजमापाने शुल्क तिथेच चालतं जिथे दुसरीकडे टाकणं कठीण असतं.

मराठवाड्यात चाललेलं उदाहरण पाटोद्याचं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या या गावात भास्करराव पेरे पाटलांनी कर वेळेवर भरणाऱ्याला दळण मोफत केलं. कर भरला की लगेच, रोजच्या वापरातलं काहीतरी हातात. कचऱ्याला तेच लावायचं तर ओला-सुका वेगळा देणाऱ्या घराच्या कार्डावर घंटागाडीवाल्याने शिक्का मारायचा आणि महिन्याला वीस शिक्के झाले की एक पायली दळण. गिरणी ग्रामपंचायतीची नसेल तर गिरणीवाल्याशी दर ठरवा. शिक्का मारणारा आणि गाडी हाकणारा वेगळा हवा, नाही तर दोघं मिळून सगळ्यांना शिक्के मारून मोकळे होतात.

हे सगळं करायचं कशाला, असं ग्रामसभेत कुणी विचारलंच तर नारेगाव सांगा. २०१८ च्या फेब्रुवारीत तिथल्या लोकांनी छत्रपती संभाजीनगर शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आणि पुढे कित्येक आठवडे शहरभर ढीग पडून राहिले.

दुधनाखोरं

पैसा कुठे गेला ते दाखवणं हे दरापेक्षा महत्त्वाचं. देशात २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो पैसा राज्यांच्या भरपाईकडे वळला. लोक हे विसरत नाहीत. बाजाराच्या तोंडाशी फळा लावा आणि दर मंगळवारी खडूने चारच आकडे लिहा: ठेव जमा, परत, शिल्लक, खर्च.

गोदाकाठी

ठरावाचा मसुदा असा करतोय. दंडाचा प्रस्ताव मागे. बाजारात साडीच्या पिशव्या, ठेव २०, दोन टेबलं, ओल्या मालाला डबा. बाजार ठेक्यात दोन दर, दोन रंगांच्या पावत्या, तपासणी वजनकाट्यावर. यात्रेत बाटलीला ठेव १०, स्टिकर दुकानदाराला ११ ला, चार केंद्रं, त्यातली दोन एसटीकडे. जंबो पिशव्या आणि शेडसाठी स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यातून मागणी: पाच हजारांवरच्या गावाला माणशी ४५ प्रमाणे सहा हजारांना २,७०,००० बसतात. १ मेच्या ग्रामसभेत ठेवतो.

तहबाजारी

१ मे म्हणजे चैत्रातली यात्रा होऊन गेलेली असेल आणि बाजाराचा ठेका १ एप्रिललाच सुटलेला असेल. २६ जानेवारीच्या सभेत घ्या. आणि त्या २,७०,००० मधले ३० टक्के वित्त आयोगाच्या बंधित निधीतून घालावे लागतात, ते आराखड्यात आधी दाखवा, नाही तर प्रस्ताव पंचायत समितीतूनच परत येईल.

शिवणकाम_उमेद

जानेवारीत घेणार असाल तर साड्या आत्तापासून गोळा करा. १८० पालांच्या बाजाराला किमान ६०० पिशव्या फिरत्या लागतील. एका साडीत सहा धरल्या तरी शंभर साड्या, त्यातल्या वीस-पंचवीस विरलेल्या निघतात. म्हणून सव्वाशे धरून चाला.